दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट

घरावर सोलर पॅनल बसवले की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग किती कमाई होते?" मी हल्ली उलट विचारते, "तुमच्याकडे दुपारी घरात कोण असतं?" समोरचा बुचकळ्यात पडतो, पण अर्धाअधिक हिशोब तिथेच आहे.

आमच्या मीटरवर आकडे आळीपाळीने येतात. आधी वीज कंपनीकडून घेतलेली युनिटं, मग तिला दिलेली. कडक उन्हात घरात फक्त फ्रिज आणि एखादा पंखा चालू असला की 'दिलेली'चा आकडा भराभर वाढतो. ही वीज फार लांब जात नाही. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र, व्होल्टेज किंचित चढवून ती बाहेर ढकलतं आणि बहुतेक वेळा शेजारपाजारच्या घरांतलीच यंत्रं ती वापरून टाकतात. शेजारी तिचे पूर्ण दराने पैसे भरतात, अर्थात मला नाही, वीज कंपनीला. आधी याचा राग यायचा. पण तारा, ट्रान्सफॉर्मर आणि मुख्य म्हणजे माझी रात्रीची वीज कुणीतरी सांभाळतंच की.

नेट मीटरिंगमध्ये दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटातून सरळ वजा होतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1983 मध्येच तसा कायदा केला. जर्मनीने 2000 साली दुसरी वाट धरली: दिलेल्या विजेला 20 वर्षं ठरलेला दर. तेव्हा पॅनल महाग होते, लोकांना ओढायचं होतं. आता भर दुपारी सगळ्यांच्याच छतांवरून वीज येते, आणि सूर्य मावळता मावळता सगळ्यांनाच ती हवी असते. मग दुपारच्या युनिटाला भाव कोण देणार? कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांसाठी एकास एक वजावट बंदच केली. बाहेर दिलेल्या युनिटाला वेगळा, बराच कमी दर. याला नेट बिलिंग म्हणतात, आणि माझ्या मते वारं त्याच दिशेने वाहतंय.

म्हणून आमच्याकडे वॉशिंग मशीन, पंप, इस्त्री हे सगळं ऊन असताना. गीझरलाही टायमर लावलाय. विकलेल्या युनिटापेक्षा घरातच वापरून वाचवलेलं युनिट सहसा जास्त देऊन जातं.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. एकाच ट्रान्सफॉर्मरवर पुष्कळ छतं झाली की दुपारी लाइनचं व्होल्टेज चढतं. 230 व्होल्टच्या जाळ्यात ते 253 च्या आसपास गेलं की बरेच इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतात. 'टक्' असा आतल्या स्विचचा आवाज, लाल दिवा, आणि बाहेर लख्ख ऊन! लाइट गेली की बॅटरी नसलेला साधा सोलर इन्व्हर्टरही बंद होतो, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसता कामा नये. ते योग्यच आहे. पण पॅनल असून घर अंधारात कसं, हे पाहुण्यांना समजावताना तोंड दुखतं.

छत भरून पॅनल लावा, असा सल्ला म्हणूनच मी कुणाला देत नाही. आधी वर्षभराची बिलं काढून दुपारचा वापर किती ते पाहा. आणि वर्षअखेरीला शिल्लक युनिटांचं काय होतं ते लेखी विचारा. काही ठिकाणी ती अगदी कमी दराने घेतात, काही ठिकाणी चक्क शून्य करतात.