फॉन्ट-बदल टूल, नोंद ११: जुना अर्धा ‘र’ कधी काढायचा

गेले दोन आठवडे नवं काहीच जोडलं नाही. काढायचं काय आणि कधी, एवढंच ठरवत होतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांत) आणताना माझं टूल ‘आचाऱ्यांना’मधला अर्धा र पहिल्या आवृत्तीपासून ‘र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह)’ असा लिहितं. युनिकोडने हे रूप फक्त स्वतःच्या जुन्या आवृत्ती २.० शी मेळ राहावा म्हणून चालू ठेवलंय. मूळ रीत ‘ऱ आणि हलन्त’ अशी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून मीही लक्ष दिलं नव्हतं. पण ऱ टाइप करून ‘दऱ्या’ शोधलं, तर माझ्याच टूलने बदललेल्या फायलीत ते सापडेना. एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची रीत, लावून पाहिलं. ती र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून ऱ करते, झेडडब्ल्यूजेच्या रूपाला हात लावत नाही. त्याहून वाईट म्हणजे, मजकूर साफ करणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने अदृश्य चिन्हं काढून टाकली की ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. स्वयंपाक्याचे गुरुजी झाले आणि कुणाला कळलंही नाही! हे पाहिल्यावर जुनं रूप जाणार हे नक्की झालं.

राहिला प्रश्न ‘कधी’चा. टूलच्या १.८ आवृत्तीत ऱ आपोआप येईल. जुनं रूप हवं असेल तर पर्याय द्यावा लागेल आणि तो दिला की सूचना दिसेल. ही सूचना आधी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली डेप्रिकेशनवॉर्निंग (‘हे पुढे जाणार’ असं सांगणारी, प्रोग्रामरसाठीची सूचना) म्हणून टाकली होती. पायथन ती आयात केलेल्या मॉड्यूलमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने वापरायला घेतलेल्या कोडमधून, आली तर मुळातच लपवतो, त्यामुळे चाचणीत ती कुठेच दिसली नाही. आता फ्यूचरवॉर्निंग वापरली आहे. ती वापरणाऱ्यासाठीच असते. १.९ मध्ये जुन्या फायली दुरुस्त करणारी आज्ञा येईल. ती फक्त र नंतरचा झेडडब्ल्यूजे बदलेल, इतर अक्षरांपुढचा तसाच ठेवेल. दुरुस्तीची सोय हातात आल्याशिवाय काढणी नाही, यावर मी ठाम आहे.

काढणी टूलच्या २.० मध्ये, पण दिवाळीनंतरच. काही जण दिवाळी अंकांसाठी हे टूल वापरतात. ऑगस्टपासून त्यांच्या कामात काहीही मोडता कामा नये. पायथन २.७ चा आधारही तेव्हाच जाईल. त्याची मुदत २०१५ वरून २०२० पर्यंत वाढली होती, तीही कधीच उलटली.

चाचणीत सध्या कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर हे शब्द आहेत आणि रफार तसाच राहायला हवा म्हणून अर्हता, कार्य, सूर्य. तुमच्या जुन्या फायलींत याहून अडचणीचा शब्द असेल तर पाठवा, १.८ आधी घालतो.