सॅव्हानात चार दिवस कशाला?

"आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली लांबलचक गाडी, भाड्याने घेतलीत, अटलांटाहून निघालात, मग फ्लोरिडाचा समुद्र सोडून सॅव्हानात चार दिवस कशाला?" मंडळाच्या गणपतीत विचारलंत, खामगावहून फोनवरही विचारलंत. दरवेळी "गाव फार सुंदर आहे" एवढं सांगून मी मोकळी झाले. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं हे जुनं बंदराचं गाव सुंदर आहेच, पण ते खरं उत्तर नव्हे. मी कापसासाठी थांबले.

आधी गाडीचं सांगते, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच असतो. एवढी लांब आरव्ही जुन्या गावात नेऊ नका. जॉर्जियाची वसाहत उभारणाऱ्या जेम्स ओगलथॉर्प या इंग्रजाने १७३३ मध्ये हे गाव वसवलं ते चौकांभोवती. वाढत वाढत चौक चोवीस झाले, त्यांतले बावीस आज आहेत. चौक म्हणजे दाट सावलीची छोटी बाग, गाड्यांनी तिला वळसा घालून जायचं. ओकच्या फांद्या रस्त्यावर इतक्या खाली येतात की पहिल्याच संध्याकाळी आमच्या छतावरच्या एसीचं झाकण खरवडलं. मग गाडी स्किडअवे बेटावरच्या स्टेट पार्कात लावली. तिथे वीज-पाण्याची सोय आहे. रोज अर्ध्या तासावरच्या गावात टॅक्सीने गेलो.

त्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबतात. नाव स्पॅनिश मॉस, पण ते शेवाळ नाही. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. झाडाचा फक्त आधार घेते, पाणी पावसाचं आणि हवेतलं. लेकीने खाली पडलेली एक जट नळाखाली धरली, तर बघता बघता करडा रंग हिरवट झाला.

नदीकाठी रिव्हर स्ट्रीटकडे उतरणाऱ्या वाटा ओबडधोबड दगडांच्या आहेत. चपला घालून गेलात तर पाय मुरगळेल. युरोपातून हलकी येणारी जहाजं समुद्रात डळमळू नयेत म्हणून पोटात दगड भरून आणत. इथे दगड उतरवायचे, माल चढवायचा. मालात पुढे कापूसच कापूस. वर काठावर १८८७ ची कॉटन एक्स्चेंजची, म्हणजे कापूसबाजाराची, लाल इमारत आहे, दारापुढे पंखांचा सिंह. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. आमच्याकडे दिवाळीनंतर कापसाच्या बंड्यांची रांग लागायची, जिनिंगची उडालेली रुई रस्त्याकडेच्या बाभळींना चिकटून राहायची. तो वास मला तिथे उगाचच आला.

आजी वातींसाठी सरकी बोटांनी काढायची. अख्खी दुपार बसली तरी ओंजळभर रुई. या कामाने अमेरिकेतला आखूड धाग्याचा कापूसही अडून बसला होता. १७९३ मध्ये याच नदीच्या वरच्या अंगाला, मलबेरी ग्रोव्ह नावाच्या मळ्यावर एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं. रुई झटपट निघू लागली, तसा पेरा वाढला. पण वेचणी हातानेच करायची होती. ज्या जॉर्जियाने सुरुवातीला गुलामगिरीला कायद्याने बंदी घातली होती आणि १७५१ मध्ये ती उठवली, तिथे आता माणसांची मागणी वाढतच गेली.

गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत पेटलेल्या यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, उत्तरेच्या तोफांनी टायबी बेटावरून सॅव्हानाजवळचा फोर्ट पुलास्की हा किल्ला सुमारे तीस तासांत फोडला. विटांच्या भिंतीत रुतलेले तोफगोळे अजून दिसतात. मी एकाच्या कडेवरून बोट फिरवलं. किल्ला पडला आणि सॅव्हानाचं बंदर बंद झालं. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून त्या मुंबईकडे वळल्या. वऱ्हाडच्या, खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. पण वऱ्हाडच्या कापसाकडे लागलेली इंग्रजांची नजर हटली नाही. १८७० मध्ये कापसासाठी खामगावला रेल्वेचा फाटा आला. त्याच गाडीने मी लहानपणी जलंबला जायची, पण त्या रुळांचं एक टोक इथे आहे हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

फ्रँकलिन चौकातलं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च चुकवू नका. दिवसभर मालकाकडे राबून रात्री गुलामांनीच ते बांधलं, असं तिथले मार्गदर्शक सांगतात. इमारत १८५९ मध्ये पूर्ण झाली. तळघराच्या लाकडी जमिनीत चौकटीसारखी नक्षी करून भोकं पाडली आहेत. बघणाऱ्याला वाटावं आफ्रिकेतलं शुभचिन्ह. पण चर्चची सांगी अशी की जमिनीखाली पळून आलेली माणसं लपायची आणि ही भोकं त्यांच्या श्वासासाठी होती. लेक गुडघ्यांवर बसली आणि तिने एका भोकावर तळहात धरला. काही विचारलं नाही तिने.

निघायच्या दिवशी गाडी मुद्दाम गावाच्या पश्चिमेला वळवली. तिथे साध्या वस्तीत एक छोटा हिरवा तुकडा आणि २००८ मध्ये लावलेला फलक आहे. जवळच घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. १८५९ च्या मार्चमध्ये, २ आणि ३ तारखेला, बटलर कुटुंबाच्या मळ्यांवरची ४३६ माणसं तिथे लिलावाला काढली होती. दोन्ही दिवस पाऊस पडत होता. त्यांचे वंशज त्याला 'रडण्याची वेळ' म्हणतात.

मी तिथूनच आईला फोन लावला. तिने आयुष्यभर ओटी बांधून बायांबरोबर कापूस वेचला आहे. सगळं ऐकून घेतलं, भाव विचारला नाही, कोण विकत होतं तेही विचारलं नाही.

"लेकरं मायजवळ ठेवली का गं?"

लहानगी ठेवली, म्हटलं. पण भावंडं, मोठी लेकरं, म्हातारे आईबाप, यांची ताटातूट झाली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मीही फोन ठेवला नाही.