ढोरवाटा

"हे काय, समोर तं दिसतोय," शेळ्यांमागचे बाबा म्हणाले आणि त्यांनी काठी अख्ख्या डोंगरावरून फिरवली. "ती सोंड धरा न् सरळ निघा."

डोंगरातला 'सरळ' मी आता चांगला ओळखून आहे. नाकासमोर चालण्याशी त्याचा काही संबंध नसतो. सांगणाऱ्याच्या पायांत जी वाट लहानपणापासून मुरलेली असते, ती सरळ. आम्ही दोघांनी समजल्यासारखी मान डोलावली, एका शेळीने मित्राच्या पिशवीतली केळी हुंगून घेतली आणि आम्ही अचला किल्ल्याच्या सोंडेला, म्हणजे खाली उतरत आलेल्या डोंगरधारेला लागलो.

नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे आलं, द्राक्षबागांतला फवारणीचा वास मागे पडला, की सातमाळा रांग सुरू होते. अचला तिच्या पश्चिमेकडच्या टोकाला. आपल्या जिल्ह्यात किल्ल्यांना काही तोटा नाही. १५६७ मीटरचा साल्हेर तर राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. पण गर्दी जाते ठरलेल्या ठिकाणी. हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. देव असेल तर वाटेची चिंताच मिटते. सप्तशृंगीला पायऱ्या आहेत, आता ट्रॉलीही आहे, आणि कळसूबाईला लोखंडी शिड्या. अचल्याच्या वाट्याला यातलं काही आलेलं नाही. १८१८ साली इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने इकडच्या किल्ल्यांची पाहणी केली, तेव्हा इथला चढ फार उभा असल्याचं नोंदवून ठेवलं होतं. दोनशे वर्षांत त्यात काही सुधारणा झालेली नाही.

पहिला अर्धा तास वाट अशी रुंद आणि मळलेली, की बाबांचा 'सरळ' खरा वाटू लागला. मग तिचे दोन फाटे झाले. दोनाचे चार. चारही सारख्याच मळलेल्या आणि चारही आत्मविश्वासाने कुठेतरी निघालेल्या. एका दगडावर लाल रंगाचा बाण होता, पण तो दगडच पावसाळ्यात घरंगळून आलेला असावा, कारण बाण खाली गावाकडे दाखवत होता.

या ढोरवाटा. डोंगर भटकणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकदा तरी फिरवलेलं असतं. आम्हालाही पाऊण तास फिरवलं. वाट कातळाच्या पोटाखालून छान सपाट चालली होती, दम लागत नव्हता. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

याचं कारण डोंगराच्याच घडणीत आहे. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. टणक थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याचा पदर होतो. वर पुन्हा कडा, पुन्हा पदर. भूगर्भवाले या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द आलाय जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून. पदरावर माती, मातीत गवत. मग गाय त्या पदरानेच आडवी चरत जाणार. ती कशाला कडा चढेल? माथ्यावर तिचं काही काम नसतं. माथ्यावर काम असणारे त्या डोंगरात आम्ही दोघेच होतो, आणि आमचंही नेमकं काय काम होतं हे तिने विचारलं असतं तर पंचाईत झाली असती.

पुढे वाट कारवीत शिरली आणि एका सुकलेल्या शेणाच्या पोवापाशी संपली. मित्र म्हणाला, चकवा लागला. आजी सांगायची, चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच शेताला फेऱ्या मारतो. आमचा चकवा भर उन्हात, साडेदहाला, फोनला रेंज असताना लागला होता.

मागे फिरलो. मोज्यांत एव्हाना इतकी कुसळं भरली होती, की पाऊल टाकलं की घोट्याभोवती सुया टोचायच्या. बसून उपसायला लागलो. कुसळ उलटं ओढलं तर निघत नाही, मोज्याच्या आतून, ते ज्या दिशेने घुसलंय त्याच दिशेने पुढे काढावं लागतं. वीसेक काढली असतील. मान वर केली तर समोरच्या दगडावर तीन चपटे दगड एकावर एक, लगोरीसारखे रचलेले. आपोआप काही दगड असे बसत नाहीत. त्याच्या जरा वर गुटख्याची चकचकीत पुडी. एरवी अशा पुड्या टाकणाऱ्यांच्या नावाने मी मनातल्या मनात बरंच बोलतो. त्या दिवशी ती दिसली आणि जीव भांड्यात पडला, हे कबूल करायला लाज वाटते. उचलून खिशात घालायला गेलो, तर मित्र म्हणाला, "राहू दे, उतरताना लागेल."

तिथून वाट खरंच सरळ होती, म्हणजे अंगावर येणारी. घसारा असा, की दोन पावलं चढावं आणि एक परत करावं. हाताला वाळकं गवत, तेही मुळासकट हातात येणारं. शेवटी कातळातल्या खोदीव पायऱ्या लागल्या, तेव्हा त्या खोदणाऱ्याला मी मनापासून हात जोडले.

माथ्यावर वारा, पडके चौथरे, पाण्याची टाकी. शेजारी अहिवंत, पलीकडे सप्तशृंगी आणि मार्कंड्या. केळी खाल्ली, फोटो काढले.

उतरताना पुडी सापडली, आणि मग ती खिशात घातली. खाली बाबा तिथेच होते.

"गेले होते का वर?"

"गेलो होतो बाबा."

"टाक्यात पाणी कितीक हाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग फोन काढून टाक्याचा फोटो शोधला. होता एक, मित्राचा, त्यात टाकं मागे. बाबांनी डोळ्यांवर हात धरून मित्राच्या खांद्यापलीकडचं पाणी बराच वेळ न्याहाळलं.

"उतरलं यंदा लवकर," ते म्हणाले, आणि शेळ्या हाकायला लागले.