ओरिजिनल बेसूर झालं

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या क्लिनिकच्या वेटिंग रूममधला कूलर असा घरघरतो, की बाहेर बसलेल्या पेशंटला नावाने हाक मारून उपयोग नसतो. त्यातून ते पेशंट माझे, म्हणजे कमी ऐकू येणारे. रिसेप्शनवरची मुलगी सरळ जाऊन खांद्याला हात लावते. त्या दिवशी तिने हात लावायच्या आत काका उठून आत आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, हॉटेल कॅलिफोर्निया बेसूर झालं." म्हणजे ईगल्स या अमेरिकन बँडचं ते गाणं.

दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांना दोन्ही कानांची मशीन लावून दिली होती. ऑडिओग्राम, म्हणजे कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख, अगदी ठरावीक: १००० हर्ट्झपर्यंत कान बरे, पुढे उतार, ४००० ला ६५ डेसिबलचा खड्डा, ८००० ला आलेख पुन्हा थोडा वर. हिंगण्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं पॉवर प्रेसपाशी उभ्या राहिलेल्या माणसाचा आलेख असाच येतो. कारखान्यातल्या आवाजाला कायद्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. पण कानात बोळे घालून काम करणाऱ्याला तेव्हा लोक हसायचे, असं काकाच सांगतात. मला ठाऊक नव्हतं ते वेगळंच. ऐंशीच्या दशकात काका रात्री लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आमच्या फॉर्मवर 'छंद' असा रकाना असतो. त्यात त्यांनी 'टीव्ही' लिहिलं होतं आणि मी पुढे काही विचारलं नव्हतं.

"बोलणं कसं ऐकू येतं?"

"एकदम साफ. नातू कुजबुजला तरी समजते. गाण्याचंच वांधं होऊन राहिलं. आणि गंमत बघा, ते नव्वदनंतरचं बिनकरंटच्या गिटारवालं आहे ना, ते बरोबर वाजते. जुनं ओरिजिनल तेवढं बिघडलं."

"मशीन काढून ऐकलं तर?"

"सूर बरोबर. पण अर्धं गाणं गायब."

म्हणजे कान खोटं बोलत नव्हता, मशीन बोलत होतं. मी दार लावलं, टेबलावरचा स्पीकर काकांच्या मोबाइलला जोडला आणि गाण्याची जुनी-नवी दोन्ही रूपं मागोमाग लावायला सांगितली. इथे माझीही एक कबुली. मी आजवर १९९४ चंच ऐकलं होतं आणि मूळ गाणं तेच, अशी माझी समजूत होती. नवा स्पीकर घ्यायला गेलं की दुकानदार हमखास तेच लावतो: सुरुवातीची ती स्पॅनिश वळणाची गिटार, मग छातीत येऊन आदळणारा हाताच्या वाद्याचा ठोका, आणि गाणं ओळखू आल्यावर श्रोत्यांचा गलका. काका माझ्याकडे बघतच राहिले. "ते मागून झालं, बेटा. ओरिजिनल शहात्तरचं."

शहात्तरचं गाणं साडेसहा मिनिटांचं. गाणारा थांबल्यावर पुढची जवळजवळ दोन मिनिटं निव्वळ गिटार: डॉन फेल्डर आणि जो वॉल्श, आधी आळीपाळीने, मग दोघं जोडीने. ईगल्स १९८० मध्ये फुटले, १९९४ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि 'हेल फ्रीझेस ओव्हर' या अल्बमसाठी त्यांनी हेच गाणं अकूस्टिक, म्हणजे काकांच्या भाषेत बिनकरंटच्या, गिटारींवर बसवलं. स्वर तेच, शेवटची जुगलबंदीही तीच. फरक काकांनी टेबलावर बोटाने दाखवला. एकदा टकटक केली: "हे चौऱ्याण्णव. तार छेडली, वाजली, विझली." मग बोट टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं: "हे शहात्तर. सूर सोडतच नाही."

आमच्याकडे मशीन तपासायला स्टेथोस्कोपसारखी एक नळी असते. तिच्या टोकाला पेशंटचं मशीन अडकवून आपण आपल्या कानाने ऐकायचं. १९९४ चा शेवट ऐकला; ठीक होता. १९७६ चा लावला. दोन्ही गिटारी लांब सुरावर एकत्र आल्या आणि तो सूर पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा थरथरायला लागला. मागून एक भलताच, जरा चढा सूर त्याला चिकटून येत होता. मी नळी काढून काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर 'आता कळलं?' असं स्पष्ट लिहिलेलं.

झालं होतं ते असं. मशीनचा माइक आणि स्पीकर एकमेकांच्या इतके जवळ असतात, की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. ती दाबायला मशीनमध्ये एक पहारेकरी बसवलेला असतो. एकसारखा, न हलणारा सूर दिसला की तो त्याला शिट्टी समजून खोडायला धावतो. बोलण्यात असे सूर फारसे नसतात, म्हणून तिथे त्याचं छान चालतं. अकूस्टिक गिटारची तार छेडली की आवाज लगेच उतरायला लागतो, त्यामुळे पहारेकऱ्याला संशय यायच्या आत सूर निघून जातो. अँप्लिफायरच्या जोरावर ताणलेली इलेक्ट्रिक गिटार मात्र त्याला पक्की चोर वाटते. त्यात माझी आणखी एक करणी: 'स', 'श' नीट ऐकू यावेत म्हणून मी उंच कंपनं ओढून खालच्या पट्ट्यात आणून ठेवली होती. बोलण्याला ती सोय. गिटारच्या वरच्या स्वरकंपनांची त्यात पार विल्हेवाट.

थोडक्यात, मशीनमध्ये बिघाड नव्हता. कंपनीच्या सॉफ्टवेअरने सुचवलेलं मी जसंच्या तसं स्वीकारलं होतं.

संगीतासाठी वेगळा प्रोग्राम तयार केला. पहारेकरी बंद, कंपनं खाली ओढणं बंद, आवाज चेपणंही कमी. "यात कधीमधी शिट्टी वाजेल. कानाजवळ हात नेला तर नक्की."

"वाजू दे. ती निदान सुरात तरी वाजंल."

मग पुन्हा शहात्तर. बाहेर चार पेशंट बसलेले, रिसेप्शनवरची मुलगी दोनदा डोकावून गेली. मीही गाणं थांबवलं नाही. काकांचा डावा हात मांडीवर होता. गाणारा थांबला तशी त्या हाताची बोटं पँटवर नसलेल्या तारा दाबायला लागली, आणि जोडीच्या सुरांपाशी पोचल्यावर करंगळी जरा मागे पडली. काका स्वतःवरच चिडून "च्" म्हणाले. गाणं विरत विरत संपेपर्यंत आम्ही कोणीच बोललो नाही.

पैसे देऊन काका दारापर्यंत गेले आणि वळले.

"मॅडम, एक राहिलंच. क्लॅप्टनचं लैला. सत्तरचं ओरिजिनल, ज्यात ड्वेन ऑलमनची गिटार वर वर चढत किंचाळते. आणि ब्याण्णवचं ते बसून वाजवलेलं."

मी दोन्ही लावली. १९७० मध्ये हा इंग्रज गिटारवादक-गायक क्लॅप्टन पंचवीस वर्षांचा होता. ते ऐकताना कोणी दार बडवतंय असं वाटतं. १९९२ च्या जानेवारीत तो सेहेचाळीसचा. चाल संथ, आवाज खाली, आणि मूळ गाण्याच्या शेवटी पियानोचा जो लांबलचक तुकडा येतो तो पूर्णच गाळलेला. मला खरं तर हेच आवडलं, पण तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

"नवीन प्रोग्रामवर ऐकलंत ना? बेसूर आहे का?"

"नाही ना, सूर बरोबर आहे. पण हा लैलाला बोलावून राहिला की चहा सांगून राहिला? याचं काही होऊ शकते काय?"

"काका, ते मशीनमुळे नाही."

"असं," म्हणाले, आणि कूलरच्या घरघरीत बाहेर गेले.