सेट-टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग घरभर दाखवताना : माझा अनुभव

आमच्याकडे आधी दरमहा पैसे भरायचं डीटीएच होतं. त्याच्या बॉक्सवर रेकॉर्डिंग व्हायचं, पण हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावली की एकही फाइल उघडायची नाही. ते रेकॉर्डिंग त्याच बॉक्ससाठी कुलूपबंद केलेलं असतं. असं काही वरच्या मजल्यावरच्या टीव्हीवर आणायला निघालात, तर राउटर कितीही भारी घ्या, उपयोग शून्य.

घरची गरज तशी साधी होती. आईला सह्याद्रीवरच्या बातम्या हव्यात, बाबांना शेतीचे कार्यक्रम, आणि नेमका तेव्हाच टीव्ही पोरांच्या ताब्यात. म्हणून दूरदर्शनचं, दरमहा पैसे न लागणारं डीडी फ्री डिश घेतलं. त्यावरचे बरेच चॅनेल कुलूप न लावता येतात. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. आम्ही साताऱ्याकडचे, त्यामुळे छत्री आग्नेयेला वळवली.

बाजारातला स्वस्तातला बॉक्स पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करतो, पण माझ्या पाहण्यातल्या एकालाही लॅनचं, म्हणजे नेटवर्कची वायर लावायचं, पोर्ट नव्हतं. म्हणून एनिग्मा२ हे सॉफ्टवेअर चालणारा एक जुना बॉक्स मिळवला. आत संगणकासारखी लिनक्स प्रणाली, मागे लॅन पोर्ट, आणि ओपनवेबइफ नावाचं पान, जे फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथूनच टायमर लावता येतो. डिस्क मात्र आधी ईएक्सटी४ या फाइली साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट केली. एफएटी३२ या दुसऱ्या पद्धतीत ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही.

रेकॉर्डिंग साध्या, कुलूप नसलेल्या टीएस प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये उतरतं. ओपनवेबइफमधल्या यादीत नावापुढच्या चिन्हावर बोट ठेवलं की फोनवर व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारं ॲप उघडतं आणि कार्यक्रम सुरू. इतकं सहज होईल असं वाटलं नव्हतं.

कटकट निघाली ती पुढे. बातम्यांच्या तळाशी सरकणारी अक्षरांची पट्टी कंगव्याच्या दातांसारखी फाटलेली दिसायची. प्रक्षेपण इंटरलेस्ड असतं, म्हणजे अर्ध्या रेषा आधी आणि अर्ध्या नंतर. व्हीएलसीत त्या रेषा नीट जुळवणारं डीइंटरलेस चालू केल्यावर चित्र स्वच्छ झालं. पुढे-मागे सरकवताना मात्र अजूनही अंदाजानेच बोट ठेवावं लागतं. बॉक्स स्वतःसाठी शेजारी एक .ap फाइल करून ठेवतो, कुठे उडी मारायची ते त्यात असतं. व्हीएलसी ती वाचत नाही.

वायफायवर चित्र अडकायचं. स्लॅबखाली २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल आणि वरून शेजाऱ्यांचे राउटर. सह्याद्रीला लागणारी गती काही मोठी नाही, पण ती सलग लागते. बॉक्सपासून राउटरपर्यंत वायर टाकली तेव्हा सुटलो. वरच्या टीव्हीसाठी बॉक्सवर मिनीडीएलएनए हे घरातल्या नेटवर्कवर फाइली दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलं, त्यामुळे टीव्हीच्या मेनूमध्ये फोल्डर आपोआप दिसतं. बाबांना रिमोटशिवाय दुसरं काही लागत नाही. राउटरमध्ये बॉक्सचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करून ठेवला, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलायचा आणि फोनमधली लिंक चालायची नाही.

वीज वाचवायची म्हणून बॉक्स ‘डीप स्टँडबाय’मध्ये, म्हणजे जवळजवळ बंद, टाकला, तर टायमरच्या वेळी तो जागा होतो, पण एरवी नेटवर्कवर दिसतच नाही. साध्या स्टँडबायमध्ये ठेवला की सगळं चालतं. सगळ्यात अवघड गेलं ते बाबांची सवय मोडणं: निजायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद! आता त्या एका बटणावर चिकटपट्टी आहे. जोराच्या पावसात सिग्नल तुटतो, तेवढं रेकॉर्डिंग फुकट जातं. त्याला इलाज नाही.

पुण्याहून ताई म्हणाली, मलाही लिंक दे. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडून देणं पाच मिनिटांचं काम, पण बॉक्सच्या त्या पानाला पासवर्डच नव्हता. तो बसवला, तरी पोर्ट उघडायचं मी टाळलंच. तिच्यासाठी राउटरवर व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित खाजगी वाट, करून देतोय.