हिट रेशो ९९.९, तरी बिलं अडकलेली

कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात पंधरवड्याची ऊस बिलं अडकली होती. गळीत ऐन भरात. बिलाचा रिपोर्ट लावला की वजनकाट्यावरची पावतीही रखडायची आणि गाड्यांची रांग गेटबाहेर जायची. मी पोचलो तोवर रॅम वाढवायचं कोटेशन मंजुरीला गेलेलं.

डेटाबेस सर्व्हर मायएसक्यूएल ५.७. त्याच्या आतल्या कामाचे आकडे दाखवणारी ‘शो ग्लोबल स्टेटस’ कमांड मारली. ‘इनोडीबी_बफर_पूल_रीड_रिक्वेस्ट्स’ म्हणजे डेटाची पानं (साठवणीचे तुकडे) किती वेळा मागितली, ‘इनोडीबी_बफर_पूल_रीड्स’ म्हणजे त्यातल्या किती वेळा डिस्कवर जावं लागलं. हिट रेशो, म्हणजे डिस्कवर न जाता मेमरीतच भागलेल्या मागण्यांचं प्रमाण, ९९.९ टक्क्यांच्या वर.

“मग झकासच की साहेब!” अकौंटंट अण्णा म्हणाले.

“अण्णा, भरल्या गाडीच्या वजनावर उसाचे पैसे देता का? रिकाम्या गाडीचं वजा करता ना?”

हे काउंटर सर्व्हर सुरू झाल्यापासून चढत जातात, आणि हा सर्व्हर दिवाळीपासून बंदच झाला नव्हता. म्हणून मायएसक्यूएलअ‍ॅडमिन या टूलला दर १० सेकंदांचा फरक दाखवायला लावलं. (पहिली फेरी सोडून द्यायची, तिच्यात एकूण आकडेच असतात.) बिलाचा रिपोर्ट सुरू केला. डिस्कवरची वाचनं जवळजवळ शून्य. ‘हँडलर_रीड_रँड_नेक्स्ट’ मात्र दर फेरीला कोटीच्या घरात, म्हणजे टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळलं जातंय. ‘सिलेक्ट_फुल_जॉईन’, म्हणजे इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) न वापरता टेबलं जोडल्याचा आकडा, तोही वाढत होता. रेशो इतका चांगला का, तेही इथंच कळलं: तीच ती पानं मेमरीतून पुन्हापुन्हा वाचली जात होती, त्यामुळे मागण्यांचा डोंगर आणि डिस्कला काम नाही. रॅम कितीही वाढवली असती तरी प्रोसेसर असाच घाम गाळत बसला असता.

क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कशी चालणार ते सांगणाऱ्या एक्स्प्लेनमध्ये वजन पावत्यांच्या टेबलापुढे की नल, म्हणजे इंडेक्स वापरलाच नाही. इंडेक्स होता, पण तिथं सभासद कोड व्हारचार (मजकूर), पुढं शून्यं लावलेला सहा अंकी. सभासदांच्या टेबलात तोच इंटिजर (पूर्णांक). अशी तुलना मायएसक्यूएल आकडे म्हणून करतं. उत्तर बरोबर येतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. फक्त व्हारचारवरचा इंडेक्स वाया जातो.

हंगामात पावत्यांच्या टेबलाला हात लावणं म्हणजे काटा बंद पाडणं. तेव्हा क्वेरीतच सभासदांच्या टेबलातल्या कोडला एलपॅड फंक्शननं पुढं शून्यं लावून मजकूर केला. रिपोर्ट काही मिनिटांत बाहेर. कोटेशन मागं घेतलं.

‘फुल जॉईन’ अजून अधूनमधून एकेकानं वाढतो. तो तोडणी-वाहतूक कपातीचा रिपोर्ट. महिन्यातून एकदा लागतो, गळीत संपल्यावर बघू.