बेलव्ह्यूचा बस थांबा: तलाव, घड्याळ आणि डाव्या बाजूने धावणाऱ्या बस

सिएटलजवळच्या बेलव्ह्यू, रेडमंड भागात मराठी घरं आता भरपूर आहेत. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यात 'बेलव्ह्यू ट्रान्झिट सेंटर' येतंच. १०८ आणि ११० क्रमांकाच्या अ‍ॅव्हेन्यूंमधला नॉर्थईस्ट सिक्स्थ स्ट्रीटचा तो एवढासा तुकडा. मधोमध एक लांब फलाट, त्यावर छत, दोन्ही बाजूंना बस. हा थांबा तिथेच का आहे आणि असाच का आहे, याची गोष्ट लेक वॉशिंग्टनपासून सुरू होते.

सिएटल तलावाच्या पश्चिमेला आणि बेलव्ह्यू पूर्वेला. १९४० मध्ये पहिला तरंगता पूल झाला, १९६३ मध्ये उत्तरेकडचा दुसरा. तलाव खोल आणि तळाशी मऊ गाळ, त्यामुळे खांब रोवण्याऐवजी काँक्रीटचे पोकळ तराफे एकमेकांना जोडून त्यावर रस्ता घातला. पूल झाल्यावर पूर्वेकडे वस्ती झपाट्याने वाढली. १९५३ मध्ये बेलव्ह्यू अधिकृत शहर झालं. पण ते आखलं गेलं मोटारीसाठी. गावाच्या मध्यभागी एकेक चौक साधारण ६०० फुटांवर, म्हणजे १८० मीटरहून जास्त अंतरावर, आणि दुकानांपुढे अंगणासारखं पसरलेलं पार्किंग. अशा ठिकाणी बसने उतरून पायी कुठे जाणार?

बस चालवणारी संस्थाही तोवर एक नव्हती. सिएटल शहराची बससेवा वेगळी, उपनगरांत खासगी कंपनीच्या बस. १९६८ आणि १९७० मध्ये रेल्वेसाठी कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदानाला आले. पहिल्या वेळी निम्म्याहून थोडी जास्त मतं मिळाली, पण अट होती ६० टक्क्यांची. दुसऱ्या वेळी निम्मीही मिळाली नाहीत. रेल्वेसाठी ठेवलेली केंद्राची मदत अटलांटाकडे वळली. मग १९७२ मध्ये मतदारांनी ०.३ टक्के विक्रीकर मान्य केला आणि १ जानेवारी १९७३ पासून 'मेट्रो'ने दोन्ही सेवा एकत्र चालवायला घेतल्या. ही मेट्रो संस्था मुळात १९५८ मध्ये तलावात सोडलं जाणारं सांडपाणी थांबवण्यासाठी स्थापन झाली होती. ज्या संस्थेने तलाव स्वच्छ केला, तिनेच पुढे त्यावरून बस नेल्या.

सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक मार्ग सिएटलकडेच पळायचा. शेजारच्या उपनगरात जायचं तरी वळसा पडे. यावरचा उपाय कॅनडातल्या एडमंटनने साठच्या दशकात वापरला होता आणि पोर्टलंडने १९७९ मध्ये आपल्या पश्चिम उपनगरांत आणला: सगळ्या बस एका जागी, एकाच वेळी भेटवायच्या. समजा दर अर्ध्या तासाला एक, असे दहा मार्ग आहेत. वेळा जुळवल्या नाहीत तर दुसऱ्या बससाठी सरासरी १५ मिनिटं थांबावं लागतं. सगळ्या बस :५५ ला आल्या आणि :०० ला सुटल्या, तर पाच मिनिटांत कुठूनही कुठेही जाता येतं. तेवढ्याच बस, तेवढेच चालक.

पण यात हिशोब कडक असतो. जाऊन येऊन लागणारा वेळ, अधिक थांब्यावरची पाच मिनिटं, हे सगळं ३०, ६० किंवा ९० मिनिटांत बसायला हवं. एखाद्या मार्गाची फेरी ३४ मिनिटांची असेल तर ती ३० मध्ये मावत नाही. ६० ची धरली तर एका बसऐवजी दोन लागतात आणि प्रत्येक बस फेरीमागे २६ मिनिटं उभी राहते. म्हणून आखणारे मार्गातला एखादा वळसा कापतात. आपल्या सोसायटीच्या दारातून बस का जात नाही, असं विचारणाऱ्यांना उत्तर बहुतेक वेळा या हिशोबात सापडतं. दुसरी गोष्ट जागेची: दहा मार्ग एकाच वेळी यायचे तर दहा बे, म्हणजे बस उभ्या राहायच्या जागा, हवेत, आणि पुढची २५ मिनिटं ते रिकामेच. रिकामा दिसणारा थांबा म्हणजे वाया गेलेली जागा, असं समजणं चूक आहे.

सगळ्यात नाजूक प्रश्न उशिराचा. पुलावर अपघात झाला आणि सिएटलची बस आठ मिनिटं मागे पडली, तर बाकीच्यांनी थांबायचं का? थांबलं तर एका बसचा उशीर दहा मार्गांवर पसरतो आणि पुढच्या भेटीपर्यंत निस्तरत नाही. नाही थांबलं तर उतरलेल्या माणसाचा अर्धा तास जातो. त्यामुळे दोन-तीन मिनिटांपलीकडे शक्यतो कोणी थांबवत नाही. दिवसाच्या शेवटच्या फेऱ्यांचा अपवाद करायला हवा, कारण त्यानंतर बसच नसते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बेलव्ह्यूने एक धाडसी निर्णय घेतला, आणि या इतिहासातला तो सर्वांत महत्त्वाचा, असं आमचं मत आहे. उंच इमारती मध्यभागीच दाटीने येऊ द्यायच्या, त्याबाहेर नाही. आणि कार्यालयांच्या पार्किंगला वरची मर्यादाही घालायची. मोबदल्यात मेट्रोने बसचे तास वाढवायचे. त्याच मध्यभागात, नॉर्थईस्ट सिक्स्थवर, १९८५ मध्ये ट्रान्झिट सेंटर उघडलं. जागा शहराबाहेर स्वस्तात मिळाली असती, पण मग तिथे फक्त बस बदलायला माणसं आली असती. मध्यभागी असल्यामुळे बऱ्याच जणांचं काम तिथेच संपतं. पुढे १९९१ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला की एका जागी १०० किंवा जास्त कर्मचारी सकाळच्या गर्दीत येत असतील तर मालकाने एकट्याने गाडी आणण्याला पर्याय द्यायचे. नोकरीबरोबर बसचा पास हातात पडतो तो या कायद्याचा मोठा परिणाम.

१९९६ मध्ये मतदारांनी तीन काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) 'साउंड ट्रान्झिट' या वाहतूक संस्थेला पैसे दिले, १९९९ पासून तिच्या एक्स्प्रेस बस सुरू झाल्या आणि बेलव्ह्यू–सिएटल ५५० क्रमांकाची बस ही त्यांतली ठळक. गर्दी वाढली तशी थांब्याची पुनर्बांधणी झाली आणि आजचा मधला फलाट आला. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, बसचं दार उजव्या बाजूला. फलाट मधोमध ठेवला तर दार फलाटाकडे यायला बसला रस्त्याच्या डाव्या बाजूने जावं लागतं. म्हणून आत शिरताना बस बाजू बदलतात आणि बाहेर पडताना परत जागेवर येतात. या तुकड्यात एसटी स्टँडवरून आलेल्या माणसाला दिशा ओळखीची वाटते, आणि तिथेच गफलत होते: रस्ता ओलांडताना तिथला सवयीचा माणूस चुकीकडे बघतो, आणि नवा माणूस फलाटाबाहेर पडताच चुकतो. मधल्या फलाटाचा फायदा मात्र मोठा. बस बदलताना बहुतेकदा रस्ता ओलांडावा लागत नाही.

पायाखालचा रस्ताही बघण्यासारखा. बस थांबते आणि निघते तिथे डांबर टिकत नाही. चाकांच्या वजनाने सऱ्या पडतात, ठिबकणारं डिझेल डांबर विरघळवतं. म्हणून बेमध्ये जाड काँक्रीट लागतं. लांबीही बदलली: साधी बस ४० फूट, जोडबस ६० फूट. ४० साठी आखलेल्या बेमध्ये जोडबस शिरली की तिची शेपटी मागच्या बसला अडवते.

फलाटाइतकंच काम नॉर्थईस्ट सिक्स्थच्या उतारमार्गाने केलं. महामार्ग ४०५ वर बस धावतात ती जलद लेन सगळ्यात डावीकडे आहे. नेहमीच्या उतारमार्गाने जायचं तर बसला सगळ्या लेन कापत उजवीकडे यावं लागतं, तेही गर्दीत. इथे रस्ता थेट त्या डावीकडच्या लेनमधूनच वर येतो.

१ ऑक्टोबर २०११ ला बेलव्ह्यू–रेडमंड 'रॅपिडराइड बी' लाइन आली. मोठ्या थांब्यांवर आधीच भाड्याचं कार्ड यंत्राला लावायचं आणि कुठल्याही दाराने चढायचं. बस एवढ्या वारंवार आली की वेळा जुळवायची गरज कमी होते. पाच मिनिटांच्या भेटीवर बांधलेलं केंद्र इथून हळूहळू सतत वाहणाऱ्या ठिकाणात बदललं.

रेल्वे शेवटी २७ एप्रिल २०२४ ला आली, पण आठ स्थानकांपुरती आणि सिएटलशी न जुळता. तरंगत्या पुलाकडच्या भागात रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे सदोष निघाले, ते फोडून पुन्हा बांधावे लागले. तोवर तलाव ओलांडायचं काम ५५० कडेच राहिलं. १० मे २०२५ ला रूळ रेडमंडच्या मध्यभागी पोचले. स्थानक बस फलाटाखाली नाही. खर्च कमी करण्यासाठी २०१३ मध्ये ते बोगद्यातून काढून ११० अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेला, सिटी हॉलजवळ नेलं. म्हणजे बसमधून रेल्वेकडे जाताना सिग्नलवर एक रस्ता ओलांडावा लागतो. बदलासाठी पाच मिनिटं तरी हाताशी ठेवावीत.

जाणार असाल तर थोडं कामाचं. ओर्का हे भाड्याचं कार्ड घ्याच: पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून दोन तास तेच भाडं मेट्रो, साउंड ट्रान्झिट आणि रेल्वेत चालतं. रोख दिलेत तर दुसऱ्या संस्थेच्या बसमध्ये पुन्हा पैसे पडतात. १८ वर्षांपर्यंत प्रवास मोफत आहे. भेटीला आलेले आई-बाबा ६५ च्या पुढचे असतील तर पासपोर्ट दाखवून त्यांचं सवलतीचं कार्ड काढावं. त्यावर भाडं एक डॉलर पडतं. नंबरइतकाच बे महत्त्वाचा, कारण मधून जाणाऱ्या मार्गाच्या दोन दिशा दोन वेगळ्या बेवर लागतात. बसच्या कपाळावरचं शेवटचं ठिकाण वाचूनच चढावं. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मार्ग आणि वेळा बदलतात, तेव्हा बेसुद्धा बदलू शकतो. आणि बस उभी आहे पण दार बंद आहे, असं दिसलं तर काच वाजवू नये. ती चालकाची सुट्टी असते. सुटायच्या वेळी तीच बस फलाटाला लागते.